शाळेसाठी तीन लाख जमलेत: टीव्ही घ्यायचा, भिंती रंगवायच्या की शिकवायला एक ताई ठेवायची?

दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर झालं. पंचवीस वर्षांनी सगळे भेटले, जेवणं झाली, जुन्या गुरुजींचे सत्कार झाले, दोघं तिघं रडले पण, आणि मग कुणीतरी म्हणालं की आपण पहिली ते चौथी ज्या झेडपीच्या शाळेत शिकलो तिच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे. अशा वेळी हात सैल सुटतो. दुबईवाल्याने एकट्याने लाख दिले, पुणेवाल्यांनी दहा दहा हजार, गावात राहिलेल्यांनी जमेल तसं, आणि महिन्याभरात ३ लाख ४० हजार जमले. जमले आणि तिथंच गाडं अडलं. एक म्हणतो स्मार्ट टीव्ही नि टॅब घ्या, दुसरा म्हणतो शाळा रंगवून कंपाउंड घाला, लांबून दिसली पाहिजे, आणि मी म्हणतोय की एक बारावी झालेली पोरगी ठेवा जी रोज दोन तास मागे पडलेल्या पोरांना घेऊन बसेल. माझी मुलगी त्याच शाळेत तिसरीला आहे आणि दोन वर्षं मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे, म्हणून हिशोब मांडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अशी वर्गणी हल्ली गावोगाव जमते, त्यामुळे जे शोधलं ते इथं सविस्तर लिहितोय. मी निःपक्ष नाहीये हे आधीच सांगून टाकतो.

आधी हे बघू की सरकार काय देतं, कारण आपण काय द्यायचं ते त्यावर ठरतं. आमच्या शाळेचा पट ४६, शिक्षक दोन, वर्ग चार. दोघांचा मिळून महिन्याचा पगार लाखाच्या वर जातो, म्हणजे वर्षाचे बारा लाख धरले तरी एका पोरामागे पंचवीस हजारांपेक्षा जास्त झाले. शेजारच्या गावातली इंग्लिश मीडियमवाली शाळा अठरा हजार फी घेते, त्यामुळे सरकार खर्चच करत नाही हे म्हणणं निदान आमच्याकडे खोटं आहे. पुस्तकं फुकट, गणवेश मिळतो, दुपारची खिचडी असते. पण शाळेच्या हातात स्वतः खर्चायला काय येतं? समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान. पट ३० च्या आत गेला तर १०,०००. यातच लाइट बिल, खडू, झाडू, किरकोळ दुरुस्ती, आणि यातलेच निदान दहा टक्के स्वच्छतेवर लावायचे. ४६ पोरांत वाटले तर डोक्यामागे वर्षाला साडेपाचशेच्या आत. म्हणजे पंचवीस हजार पगारात आणि साडेपाचशे बाकी सगळ्यात, आमच्या शाळेचं बजेट हे असं आहे. देशाचं पण साधारण असंच, बहुतेक पैसा पगारात जातो.

देशाच्या खर्चावर भांडायला तर साठ वर्षं झाली. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला, आणि २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात पण तेच ६ टक्के परत लिहिलेत. मधल्या काळात एकदाही आकडा तिथं पोचला नाही. गंमत म्हणजे खर्च किती यावरही एकमत नाही, आर्थिक पाहणीत बघितलं तर २.९ टक्के दिसतात आणि सगळ्या खात्यांचा शिक्षण प्रशिक्षणाचा खर्च धरला की साडेचारच्या आसपास जातात, ज्याला जो सोयीचा तो आकडा तो घेऊन येतो. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं तेव्हाही पैसे कुठून आणायचे हे रडगाणं होतंच, आणि १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. त्याच सुमारास बडोद्यात सयाजीरावांनी आधी १८९३ ला अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं होतं आणि १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा एक रुपया बरं का!

असो, मुद्दा साक्षरतेचा. १९५१ ला देशात १८.३३ टक्के लोक साक्षर होते, २०११ ला जवळपास ७३ टक्के. महाराष्ट्र ८२.३४, त्यात बायका ७५.८७ आणि पुरुष ८८.३८, केरळ ९४. आपल्याच राज्यात मुंबई उपनगर जवळपास ९० आणि नंदुरबार ६४. पण जनगणनेत साक्षर ठरवतात कसं, तर सात वर्षांच्या वरचं माणूस कुठल्याही भाषेत समजून वाचू लिहू शकतं का, हे घरातल्या कुणाला तरी विचारतात. परीक्षा नाही काही. चौथीतल्या पोराबद्दल कुठला बाप म्हणेल की त्याला वाचता येत नाही?

परीक्षा घेतात ती असर नावाच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणाची माणसं. २००५ पासून ते ग्रामीण भागात घरी जाऊन पोरांपुढे कागद ठेवतात: अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. सरकारी शाळेतल्या तिसरीच्या पोरांत दुसरीची गोष्ट वाचणारे २०१८ ला २०.९ टक्के होते, कोविडनंतर २०२२ ला १६.३ वर आले आणि २०२४ ला २३.४. पाचवीत २०२४ ला ४४.८. म्हणजे पाचवीला गेलेल्या सरकारी शाळेतल्या निम्म्याहून जास्त पोरांना दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही. मला आधी वाटलं हे बिहार यूपीचं असेल, आपल्याकडे नाही. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर गुरुजींची परवानगी घेऊन मी चौथीच्या नऊ पोरांना दुसरीचं पान वाचायला दिलं. चौघांनी कडक वाचलं. तिघं बोट ठेवून शब्द शब्द करत गेली आणि दोघं नुसती अक्षरं सांगत होती, जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडे बघायची. त्यातला एक मेंढपाळाचा, वर्षातले चार महिने बाहेर. दुसरा गावातलाच, माझ्या चुलत्याच्या शेजारचा. ही दोन पोरं चार वर्षं शाळेत येतायत, खिचडी खातायत, हजेरीत आहेत आणि सरकारचा पंचवीस हजारांचा खर्च त्यांच्यावरही होतोय.

या दोघांसाठी (आणि त्या बोटवाल्या तिघांसाठी) ३ लाख ४० हजारांतलं नक्की काय उपयोगाचं, एवढ्याच नजरेने मी प्रत्येक गोष्ट बघितली.

टीव्ही आणि टॅबचं कोटेशन आलं. दोन मोठे स्मार्ट टीव्ही, इन्व्हर्टर बॅटरी, अभ्यासक्रमाचं सॉफ्टवेअर आणि दहा टॅब, सगळं मिळून ३ लाख १५ हजार. फोटो चांगला येतो, उद्घाटनाला सरपंच येतात, दुबईवाल्याला व्हिडिओ कॉलवर दाखवता येतं, याला मी हसत नाहीये, देणाऱ्याला दिसलं पाहिजे हेही खरं. पण आमच्याच शाळेत पाच वर्षांपूर्वी कुणीतरी दिलेला एक टीव्ही कपाटात कापडाने झाकून ठेवलाय, बॅटरी गेली आणि बॅटरी आणायला पैसे कुठल्या हेडमधून काढायचे हे ठरलं नाही म्हणून. लाइट दुपारी जाते ते वेगळंच. जगात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर झालाय, पेरू नावाच्या देशाने आठ लाखांच्या वर लॅपटॉप पोरांना वाटले, मग ३१९ खेड्यातल्या शाळा तपासल्या तेव्हा भाषा आणि गणितात काही फरक सापडला नाही. पोरांना लॅपटॉप चालवायला छान यायला लागला. तेवढंच.

पण मशीन कधीच उपयोगाचं नाही असं म्हणणं पण चूक. वडोदऱ्यात २००२ च्या सुमारास चौथीच्या पोरांना आठवड्यातले दोन तास कंप्युटरवर गणिताचे खेळ दिले, पोराच्या पातळीप्रमाणे गणित सोपं अवघड होणारे, तेव्हा गणितात चांगलीच वाढ झाली. फरक कुठं पडला बघा, तिथं पोराला जे येत होतं तिथून सुरुवात झाली. स्मार्ट टीव्हीवर लागतो तो चौथीचाच धडा, फक्त रंगीत. ज्याला अक्षरं जोडता येत नाहीत त्याला तो धडा फळ्यावर कळला नाही तसा टीव्हीवरही कळणार नाही. केनियात पाठ्यपुस्तकं वाटली होती तेव्हाही हेच दिसलं, आधीच हुशार असलेल्या पोरांना फायदा, बाकीच्यांना शून्य, कारण पुस्तक इंग्रजीत आणि पोरांच्या घरी भाषा वेगळी. आपल्याकडे भाषा मराठीच आहे, पण पुस्तकातली मराठी आणि मेंढपाळाच्या पोराच्या घरातली मराठी यात पण अंतर असतंच की.

आता रंग, कंपाउंड, बांधकाम. इथं माझं मत तेवढं ठाम नाही. जिथं शाळाच नाही तिथं शाळा बांधणं हा सगळ्यात चांगला खर्च, इंडोनेशियाने १९७३ ते ७८ मध्ये तेलाच्या पैशातून ६१ हजारांच्या वर प्राथमिक शाळा बांधल्या आणि त्या भागातली पोरं जास्त वर्षं शिकली, पुढे जास्त कमावती झाली, हे नीट मोजलेलं आहे. आपल्याकडेही सर्व शिक्षा अभियानात २००१ नंतर वाडीवस्तीवर शाळा आल्या म्हणून तर पोरं शाळेत आली. पण आमच्याकडे खोल्या आहेत, पत्रे शाबूत आहेत. मग कंपाउंड कशाला? तर कुत्री नि जनावरं येतात म्हणून, आणि संध्याकाळी जे लोक येऊन बसतात त्यांच्या बाटल्या सकाळी पोरांना उचलाव्या लागतात म्हणून. मुद्दा खोटा नाही, पण ३ लाख ४० हजारात आमच्या मैदानाचं अर्धं कंपाउंड होतं आणि अर्ध्या कंपाउंडाचा काय उपयोग! हे काम ग्रामपंचायतीचं, नाहीतर आमदार फंडाचं. भिंत, गेट, पेव्हर ब्लॉक याला सरकारी पैसा तुलनेने पटकन मिळतो कारण त्याचं बिल निघतं, टेंडर निघतं, माप घेता येतं. वर्गणीचा पैसा तिथं घालणं म्हणजे विहीर असताना टँकर मागवणं.

एक अपवाद मात्र आहे आणि तो आधी करायचा असं माझं स्पष्ट मत: संडासाला पाणी. आमच्या शाळेत मुलींचा संडास आहे, नळ आहे, टाकी फुटलेली आहे. तिसरी चौथीतल्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, माझी मुलगी पण, हे मला तिच्या आईकडून कळलं. २०१४-१५ मध्ये देशभर एका वर्षात शाळांत चार लाखांवर संडास बांधले, आकडा एकदम भारी, आणि मग २०२० मध्ये कॅगने सरकारी कंपन्यांनी बांधलेल्यांपैकी काही जाऊन बघितले तर त्यातल्या ७२ टक्क्यांत आत पाण्याची सोयच नव्हती. टाकी, मोटर, पाइप असं सगळं मिळून प्लंबरने आम्हाला ३५ हजार सांगितलेत. हे कुठल्याही तुलनेत बसवायची गरज नाही, करून टाकायचं.

रंगाचं म्हणाल तर बोलक्या भिंती मलाही आवडतात. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे, फरशीवर आखलेली अक्षरं, खडे, काड्या, बाटल्यांची झाकणं, खर्च जवळपास नाहीच आणि पोरं वाचायला लागली. मग २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रची लाट आली आणि गावोगाव भिंती फरश्या रंगल्या. आमच्याही रंगल्या. पण कुमठ्यात रंगाच्या आधी बाई पोराजवळ खाली बसल्या होत्या, आणि आमच्याकडे पेंटर आला नि गेला. ती अक्षरं आता पुसट झालीत आणि त्यावर पोरं जेवायला बसतात.

तर ताई. ही कल्पना माझी नाही, मुंबईतच जन्मलेली आहे. प्रथम ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुरू झाली, त्यांनी वस्तीतल्याच दहावी बारावी झालेल्या मुली घेतल्या, नाव बालसखी, आणि तिसरी चौथीतल्या मागे राहिलेल्या पंधरा वीस पोरांना वर्गातून काढून रोज दोन तास फक्त वाचन आणि साधं गणित. मानधन तेव्हा महिना पाचशे ते साडेसातशे. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात ते तपासलं गेलं, काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, आणि दोन्हीकडची पोरं तोलून बघितली. ज्यांना मिळाली त्यांचे मार्क वाढले आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळातल्या पोरांचे. कंप्युटरच्या खेळाने गणितात उडी मोठी मारली पण एक रुपयामागे किती शिकणं झालं असं बघितलं तर बालसखी सरस. हा अभ्यास करणाऱ्यांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, मायकेल क्रेमर यांच्यासोबत, आणि केनियातल्या पुस्तकांच्या अभ्यासात हेच क्रेमर होते.

आता याच्या उण्या बाजू, कारण ग्रुपवर मला हेच विचारलं गेलं. पहिली म्हणजे बालसखी बंद झाल्यावर वर्षभरात मिळालेला फायदा बराच ओसरला. त्यामुळे एका वर्षासाठी ताई ठेवणार असाल तर ठेवूच नका असं मी म्हणेन, दोन वर्षांच्या खाली काही अर्थ नाही आणि तीन असतील तर पहिलीत आलेलं पोर चौथीत जाईपर्यंत सोबत असते. दुसरी गोष्ट, ताई सोडून जाते. लग्न होतं, भरतीत नंबर लागतो, पुण्याला कंपनीत जाते. ही शंभर टक्के होणारी गोष्ट आहे, टीव्ही निदान लग्न करून जात नाही. म्हणून दोघींना शिकवून ठेवायचं, एक कामावर आणि एक बदली. तिसरी आणि खरी बोचणारी गोष्ट म्हणजे सरकारचं काम आपण का करायचं. पगारी शिक्षक असताना आपल्या खिशातून मास्तर का?

यावर मी बरेच दिवस विचार केला. आधी मलाही वाटायचं की गुरुजी शिकवत नाहीत. समितीत आल्यावर कळलं की एका गुरुजींकडे पहिली दुसरी, बाईंकडे तिसरी चौथी, त्यात एकजण बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम, खिचडीचा हिशोब, रोज एक ऑनलाइन माहिती, केंद्रावर मीटिंग, परत कुठल्या तरी ॲपवर फोटो. कायदा म्हणतो ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ते आहेत, नियम पाळलाय. पण दोन दोन वर्गांचा अभ्यासक्रम पुढे सरकवायचा आणि त्याच तासात न वाचणाऱ्या पाच पोरांजवळ बसायचं, हे एका माणसाला होत नाही. बिहारमध्ये हे फार स्वच्छ दिसलं: सरकारी शिक्षकांनीच २००८ मध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर फक्त वाचनाची शिबिरं घेतली तर पोरं पुढे गेली, आणि तेच प्रशिक्षण घेतलेले शिक्षक शाळा सुरू झाल्यावर परत धडा संपवायच्या मागे लागले तर फरक जवळपास गेला. म्हणजे येत नाही अशातला भाग नाही, तो तासच मोकळा नाही. पगार वाढवून पण हा तास मोकळा होत नाही, इंडोनेशियाने २००५ च्या कायद्याने प्रमाणित शिक्षकांचा पगार दुप्पट केला, शिक्षक खूश झाले, त्यांचा जोडधंदा कमी झाला, पोरांच्या शिकण्यात काही फरक नाही. (गुरुजी हे वाचणार आहेत, तर सांगतो, पगार कमी करा असं मी म्हणत नाहीये.)

तर ताई ही गुरुजींच्या जागी नाही, ती त्या तासासाठी. हे ठरावात लिहून घ्यायचं म्हणजे उद्या पट कमी झाला आणि एक शिक्षक उचलला तर कुणी म्हणायला नको की तुमची ताई आहे की. हे घडू शकतं. आणि आपल्या बाजूनेही सावध राहायचं: आंध्रात काही शाळांना वर्षाला दहा हजारांचं जादा अनुदान दिलं होतं, पहिल्या वर्षी अचानक आलं तेव्हा पोरांचे मार्क वाढले, दुसऱ्या वर्षी पालकांना माहीत होतं पैसे येणारेत तर त्यांनी घरचा वह्या पुस्तकांचा खर्च आखडला आणि फायदा गायब. म्हणून वर्गणीतून वह्या, दप्तरं, कंपासपेट्या वाटायच्या मी साफ विरोधात आहे. लोक ते घरून घेतातच, आपण दिलं की घरचे तेवढे पैसे दुसरीकडे जातात.

अजून दोन गोष्टी ग्रुपवर आल्या होत्या. एक म्हणजे सायकली, मुलींना हायस्कूलला जायला. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार दिले आणि त्या वयाच्या मुलींचं हायस्कूलला जाणं जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढलं, खूप चांगली योजना, पण आमचं हायस्कूल गावातच आहे. तुमचं पाच किलोमीटरवर असेल तर हे सगळं लिखाण बाजूला ठेवून सायकली घ्या.

दुसरी, प्रौढ साक्षरता. यात पैसा लागतच नाही जवळपास. उल्लास म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २७ साठी आहे, १५ वर्षांवरच्या लोकांना, १५० मार्कांची परीक्षा, वाचन लेखन गणित प्रत्येकी ५०, पास व्हायला ३३ टक्के. गोव्याने त्यातूनच २०२५ मध्ये पूर्ण साक्षर झाल्याचं जाहीर केलं. शिकवणारे स्वयंसेवक. मुरबाडजवळ फांगण्याची आजीबाईंची शाळा तुम्ही पेपरात बघितली असेल, गुलाबी नऊवारी नेसून पाटी घेऊन बसलेल्या आज्या. माझ्या आजीचं सांगतो. आमच्या सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती, पुढे ती सगळ्या राज्यात गेली, रात्री कंदिलाच्या उजेडात वर्ग भरायचे, आजी त्यात सही करायला आणि मोठी अक्षरं वाचायला शिकली. गावाचा समारंभ झाला, साक्षर म्हणून सगळ्यांनी शपथ घेतली म्हणे. मी लहान होतो तेव्हा ती एसटीची पाटी मला वाचायला सांगायची. सही शेवटपर्यंत यायची पण, अगदी वळणदार. शिकली तेव्हा तिच्याकडे पुढे वाचायला घरात एक कागद नव्हता, पंचांग सोडून.

म्हणून ताईसोबत पुस्तकं घ्यायचीच असा माझा आग्रह. पाठ्यपुस्तकं नाहीत, गोष्टीची, पातळ, मोठ्या अक्षरांची, एका पानावर एक ओळ असलेली पण आणि चौथीच्या पोराने हट्टाने घरी न्यावी अशी पण. कपाटाला कुलूप लावायचं नाही. आमच्याकडे आधीची शंभर एक पुस्तकं आहेत ती कुलपात आहेत कारण फाटली तर रजिस्टरला काय लिहायचं याची गुरुजींना भीती, आणि ती भीती खरी आहे कारण तपासणीत खरंच विचारतात. समितीने ठराव केला की दरवर्षी वीस टक्के पुस्तकं फाटणार, हरवणार हे मान्य, की मिटलं.

आता सगळं शेजारी शेजारी. टीव्ही टॅब ३ लाख १५ हजार, एका झटक्यात संपले, तिसऱ्या वर्षी बॅटरीला पैसे नाहीत, वाचता येणाऱ्या पोरांना थोडा फायदा आणि त्या पाच जणांना जवळपास नाही. कंपाउंड, अर्धंच होणार, दुसरा पैसा मिळू शकतो. ताई, रोज दोन तास, महिना सहा हजार, वर्षाचे दहा महिने, तीन वर्षं, एक लाख ऐंशी हजार. सहा हजार म्हणजे दिवसाला अडीचशे पडतात, आमच्याकडे बाईमाणसाची दिवसभराची खुरपणीची मजुरी तीनशे आहे, त्यामुळे मानधन अगदी थोडं आहे असं नाही आणि ती उरलेल्या दिवसात डीएड किंवा भरतीचा अभ्यास करू शकते. फोटोला मात्र काहीच नाही. दुबईवाल्याला काय दाखवायचं हा प्रश्न होताच, तर त्यावर एक युक्ती सापडली: जूनमध्ये प्रत्येक पोराचं वाचन मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करायचं, परत डिसेंबरला, परत एप्रिलला. ग्रुपवर टाकायचं नाही, पोरांची नावं उघड होतात, फक्त भेटल्यावर ऐकवायचं आणि ग्रुपवर आकडा द्यायचा की अक्षरवाले किती, शब्दवाले किती, गोष्टवाले किती. पाचच रकाने, प्रथमवाल्यांची पद्धत, कुणालाही घरी करता येते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी राहिल्या. पैसे एकदम शाळेच्या खात्यात टाकू नका, आम्ही तिघांच्या सहीचं वेगळं खातं ठेवलंय आणि मानधन दर महिन्याला तिथून जातं. आणि ताई निवडताना मार्कशीट बघायच्या आधी तिला पोरांमध्ये बसवून एक गोष्ट वाचायला सांगा. आमच्याकडे चौघी आल्या होत्या, सगळ्यात जास्त मार्कवाली फळ्याकडे तोंड करून वाचत होती. जी निवडली ती वाचताना मधेच थांबली आणि त्या मेंढपाळाच्या पोराला म्हणाली, पुढं काय झालं असंल सांग बरं.

शेवटी असं ठरलं: टाकी नि पाइप ३५ हजार, ताई एक लाख ऐंशी, पुस्तकं तीस हजार, आणि कपाटातला जुना टीव्ही बॅटरी घालून चालू करायला पंधरा हजार, कारण टीव्हीवाल्यांचा पण मान राखायला लागतो आणि शनिवारी पोरांना एखादा सिनेमा दाखवला तर बिघडलं काय. झाले २ लाख ६० हजार. उरलेल्या ऐंशी हजारांवरून भांडण चालू आहे, मी म्हणतो ते चौथ्या वर्षासाठी ठेवा आणि पुणेवाले म्हणतायत की निदान शाळेच्या कमानीवर बॅचचं नाव तरी टाका.